ठणकती दाढ आणि पाचशेची गोळी

दाढ दुखायला लागली की रायगडच्या किनाऱ्यावर पुढचा क्रम बहुतेक ठरलेला असतो. आधी लवंग दाताखाली धरायची, मग कोमट मीठपाण्याच्या गुळण्या. घरातली एखादी आजी मिश्रीची चिमूट दाबून ठेवायला सांगते. एवढं करून रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही की सकाळी मेडिकल. तिथं फार बोलावं लागत नाही. ‘दाढ दुखतेय, काहीतरी पॉवरची द्या,’ एवढं पुरतं. पुडीत दोन प्रकारच्या गोळ्या येतात, एक दुखण्यावरची आणि एक ‘पाचशेची’. दुपारपर्यंत ठणका उतरतो आणि पाचशेच्या गोळीचं नाव घरात कायमचं लक्षात राहतं.

दुपारपर्यंत जे काम झालेलं असतं ते दुखण्यावरच्या गोळीचं. श्रेय मात्र पाचशेचीला, म्हणजे अँटिबायोटिकला मिळतं. दाताच्या आतला जिवंत गर सुजून ठणकत असताना पेनिसिलिननं आराम पडतो का, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी ४० रुग्णांवर तपासून पाहिलं आणि २००० साली प्रसिद्ध केलं. काहींना पेनिसिलिन दिलं, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. वेदनाशामक मात्र सगळ्यांना होतं. दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे हे खरं, पण दाताच्या आत काय घडतं ते समजून घेतलं की या निकालाचं आश्चर्य वाटत नाही.

दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. तो कीड नावाच्या कुठल्या अळीनं पोखरला जात नाही, आम्लानं विरघळतो. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जिवाणू साखर खातो आणि लॅक्टिक आम्ल सोडतो. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांतून तो वेगळा काढून त्याला हे नाव दिलं. त्याच्याही आधी, १८९० च्या सुमारास, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत शिकलेले अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी आम्लाचा हा सिद्धांत मांडला होता. इनॅमलच्या आत डेंटिन असतं. त्यात दर चौरस मिलिमीटरला हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि प्रत्येकीची रुंदी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. जिवाणूही साधारण मायक्रॉनभर किंवा त्याहून लहान, त्यामुळे त्याला ही वाट पुरते. नळ्यांच्या टोकाला दाताचा गर असतो, त्यात रक्तवाहिन्या आणि नसा.

गराला सूज आली तरी त्याला फुगायला जागा नसते, कारण भोवती चारी बाजूंनी कठीण भिंती. आत दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब थोडा वाढतो, म्हणून हे दुखणं नेमकं रात्री जोर धरतं. मग तीन-चार दिवसांनी अचानक ठणका थांबतो. ‘गोळ्या लागू पडल्या’ असं इथंच वाटतं. बऱ्याचदा खरी गोष्ट अशी असते की गर मेलेला असतो आणि नस मेल्यावर दुखणार कोण? मेलेल्या गरात आता रक्त फिरत नाही. रक्त फिरत नाही म्हणजे तिथं पांढऱ्या पेशी पोचत नाहीत आणि रक्तातून वाहत येणारं औषधही पोचत नाही. जिवाणूंना उबदार, ओलसर आणि बंद घर मिळतं. तिथून ते मुळाच्या टोकाशी असलेल्या छिद्रातून जबड्याच्या हाडाकडे निघतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, हिरडीवर पुळी येते किंवा गाल सुजतो.

हे सगळं जिवाणूच करतात, दाताचं वय किंवा ‘उष्णता’ नव्हे, याचा पक्का पुरावा १९६५ साली मिळाला. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी दोन प्रकारचे उंदीर घेतले. काही जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेले, काही साधे. दोन्हींच्या दाढांना भोक पाडून गर उघडा ठेवला. अन्नाचे कण आत जात होतेच. साध्या उंदरांचा गर मेला आणि मुळाशी पू झाला. जंतुविरहित उंदरांच्या दातांनी आतून नवं डेंटिन तयार करून भोक बुजवायला सुरुवात केली.

आता हे जिवाणू कोण? तोंडात सातशेहून जास्त जाती राहतात. अँटनी व्हान लेव्हेनहूक यांनी १६८३ साली आपल्याच दातांवरचा पांढरा थर खरवडून भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं, तेव्हापासून ही यादी वाढतेच आहे. या सातशेंतले थोडेच मुळाशी पोचतात. दाढेच्या गळूतला पू नीट तपासला तर त्यात एकच जिवाणू क्वचित सापडतो, चार-सहा जाती तरी एकत्र असतात. टायफॉइड किंवा क्षयापेक्षा हे वेगळं आहे. तिथं एका रोगाचा एक जंतू असतो, इथं टोळी असते.

ही टोळी टप्प्याटप्प्यानं जमते. सुरुवातीला येतात ते स्ट्रेप्टोकॉकस, विशेषतः व्हिरिडन्स आणि अँजिनोसस गटातले. त्यांना ऑक्सिजन चालतो. गाल लाल, टणक, गरम होतो, पण पू अजून धरलेला नसतो, तेव्हा बहुतेक त्यांचंच राज्य असतं. ते तिथला ऑक्सिजन संपवतात आणि त्यांच्यामागून ऑक्सिजन न मानवणारे येतात: प्रिव्होटेला, पॉर्फायरोमोनास, फ्यूजोबॅक्टेरियम, पार्विमोनास. खाडीकाठी कांदळवनात पाय रुतला तर वरचा राखाडी चिखल संपून खालचा काळा थर लागतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो, तसंच इथं घडतं. वासाचं कारणही तेच आहे. हवा नसलेल्या जागी जगणारे जीव गंधकाचे वायू सोडतात. दाढेतला पू फुटल्यावर तोंडाला येणारी घाण चव ही त्या मंडळींची ओळख.

औषधांचं गणित इथून सुरू होतं. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातलं अमॉक्सिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. तोंडातले बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस आणि पुष्कळसे ऑक्सिजन-विरोधी जिवाणू अजूनही त्याला दबतात. पण प्रिव्होटेलाच्या बऱ्याच वाणांनी बीटा-लॅक्टमेझ नावाचं विकर कमावलं आहे. ते विकर अमॉक्सिसिलिनचं मधलं कडंच तोडून टाकतं. त्यावर उतारा म्हणून क्लॅव्हुलॅनिक आम्ल जोडलेली गोळी आली. हे आम्ल विकराला अडकवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिनला काम करू देतं. ‘क्लॅव्ह’ अशी अक्षरं नावात असलेल्या गोळ्या महाग का, त्याचं उत्तर यात आहे. मात्र प्रत्येक दाढेला ती लागतेच असं नाही.

मेट्रोनिडाझोलची गोष्ट तर दंतवैद्यकातच घडली. हे औषध आलं ते योनीमार्गातल्या ट्रायकोमोनास या परजीवीसाठी. एका रुग्ण बाईला ते त्याच कारणासाठी दिलं होतं, आणि तिच्या हिरड्यांचा सडवणारा संसर्गही त्याबरोबर बरा झाला. ब्रिटिश दंतवैद्य डेव्हिड शिन यांनी १९६२ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे नोंदवलं. ऑक्सिजन-विरोधी जिवाणूंवर चालणारं इतकं परिणामकारक औषध आपल्या हाती आहे, हे वैद्यकाला एका तोंडाच्या आजारातून कळलं. पुढं पोटाच्या शस्त्रक्रियांपर्यंत त्याचा उपयोग झाला. पण मेट्रोनिडाझोल ज्या अवस्थेत मारक ठरतं, ती अवस्था ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या पेशीतच तयार होते. म्हणून स्ट्रेप्टोकॉकसवर ते एकटं चालत नाही. डॉक्टर अमॉक्सिसिलिनबरोबर ते लिहितात ते टोळीतल्या दोन्ही बाजूंना गाठण्यासाठी.

उलट टोकाला जेंटामायसिनचं इंजेक्शन. इंजेक्शन म्हणजे जास्त पॉवर, हा समज गावोगावी आहे. जेंटामायसिनला जिवाणूच्या आत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते. जिथं ऑक्सिजनच नाही अशा पुवात त्याला दार उघडत नाही. जुलाबासाठी आणलेली ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची उरलेली स्ट्रिप दाढेवर वापरणारेही पुष्कळ. त्यातलं ऑर्निडाझोल अर्ध्या टोळीला मारतं, ऑफ्लॉक्सासिन तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसवर लंगडं पडतं. पोटासाठी लिहिलेलं मिश्रण दातासाठी जुळवलेलं नसतं, एवढं साधं कारण. एरिथ्रोमायसिनला तोंडातले जिवाणू बरेच निर्ढावले आहेत. क्लिंडामायसिन चांगलं चालतं, पण आतड्यात क्लॉस्ट्रिडियोइडिस डिफिसिल माजवून जीवघेणे जुलाब लावण्याचा त्याचा लौकिक वाईट आहे.

मग पू तपासून नेमकी गोळी का देत नाहीत? लघवीची तपासणी करून ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’चा कागद आणलेले लोक हा प्रश्न हमखास विचारतात. पद्धत तीच आहे. पोषक जेलीच्या ताटलीवर जिवाणू पसरायचे, त्यावर निरनिराळ्या औषधांत बुडवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी कुठल्या चकतीभोवती किती रुंद मोकळं वर्तुळ उमटलं ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. लघवीतला ई. कोलाय एका रात्रीत ताटली भरतो. दाढेतल्या मंडळींना मात्र हवा लागली तरी ती मरतात. कापसाच्या बोळ्यावर घेतलेला पू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्यात थुंकीतले जिवाणू उरतात, खरे गुन्हेगार नाहीत. सुईनं पू ओढून, हवा काढून, बंद नळीत पाठवावा लागतो. मग ऑक्सिजन नसलेल्या बरणीत दोन दिवसांपासून आठवड्यापर्यंत वाट पाहायची. त्यातही कित्येक जाती अजून ताटलीवर वाढवताच आलेल्या नाहीत, त्या फक्त डीएनए तपासणीत दिसतात. तोवर गाल सुजलेला माणूस थांबत नाही. म्हणून ही तपासणी राखून ठेवतात ती रुग्णालयात दाखल झालेल्या, गोळ्यांना न जुमानणाऱ्या किंवा प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांसाठी. बाकीच्यांना अनुभवावर बेतलेलं औषध मिळतं. हा अनुभव जोवर खरा आहे, म्हणजे जिवाणू बदललेले नाहीत, तोवरच ते चालतं.

आणि ते बदलतात. मुळात प्रतिकार ही औषधांनी निर्माण केलेली गोष्ट नाही. जर्मनीतल्या डालहाइम इथल्या मध्ययुगीन सांगाड्यांच्या दातांवरच्या किटणाचा डीएनए वाचला गेला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली आले. अँटिबायोटिकांचा शोध लागण्याच्या आठ-नऊशे वर्षं आधीच्या त्या किटणात प्रतिकाराशी जुळणारी जनुकं सापडली. बुरशी आणि जिवाणू एकमेकांशी लढताना ही हत्यारं वापरत आलेच आहेत. आपण केलं ते एवढंच की ज्यांच्याकडे हत्यार नव्हतं त्यांना मारून, ज्यांच्याकडे होतं त्यांना जागा मोकळी करून दिली. दातावरचा थर ही त्यासाठी फार सोयीची जागा आहे. तिथं शेकडो जाती चिकट पापुद्र्यात अंगाला अंग लावून राहतात आणि जनुकं एकमेकांना देतात. त्या पापुद्र्यातल्या जिवाणूंना मारायला मोकळ्या जिवाणूंपेक्षा शेकडो पट जास्त औषध लागू शकतं. दोन दिवस तीन-तीन गोळ्या घेऊन ठणका थांबताच स्ट्रिप कपाटात ठेवणारा माणूस जे औषध पोचवतो, ते मारायला अपुरं आणि निवड करायला पुरेसं असतं.

इथं एक आठवण नोंदवण्याजोगी आहे. या देशात पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना उभा राहिला तो आपल्याच राज्यात, पुण्याजवळ पिंपरीला. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती, आणि १९५५ साली उत्पादन सुरू झालं. पिंपरीचे जुने लोक तिला नुसतं ‘एचए’ म्हणतात. त्या काळात पेनिसिलिन मिळणं हीच अडचण होती. आज श्रीवर्धनपासून उरणपर्यंत कुठल्याही नाक्यावर ते मिळतं आणि अडचण उलटी झाली आहे.

पण सगळा दोष रुग्णावर टाकणं मला पटत नाही. मुरूड, दिवेआगर किंवा हरिहरेश्वरहून दंतवैद्यकाची मोठी महाविद्यालयं गाठायची तर ती कामोठे-खारघरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आणि शंभर किलोमीटरहून बरीच लांब. रूट कॅनालला एका खेपेत भागेलच असं नाही. खोल समुद्रात गेलेल्या बोटीवर खलाशाची दाढ उठली तर तांडेल मासळी सोडून बोट फिरवत नाही, खोक्यातली गोळी देतो. अशा वेळी गोळी हा शहाणपणाचा नसला तरी समजण्यासारखा मार्ग आहे.

किनाऱ्याच्या सवयी यात भर घालतात. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानं या भागातल्या बागा आडव्या केल्या तेव्हा कित्येक घरांचा आधार गेला. बागायतदाराच्या कष्टाचा पूर्ण आदर ठेवूनही सांगायला हवं की सतत सुपारी चघळल्यानं दात झिजतात, त्यांना चिरा जातात, आणि चीर ही जिवाणूंना इनॅमल न विरघळवताच मिळालेली वाट. शिवाय सुपारीमुळं गालाच्या आतलं अस्तर कडक होऊन तोंड उघडणं कमी होत जातं. दोन बोटंही आत जात नाहीत अशा तोंडात मागची दाढ दुरुस्त करणं दंतवैद्याला फार अवघड होतं. मिश्री, म्हणजे भाजलेली तंबाखू, जिथं रोज घासली जाते तिथली हिरडी खाली सरकते आणि मूळ उघडं पडतं. मुळावर इनॅमल नसतं, तिथली कीड लवकर आत पोचते.

गोळी काय करू शकत नाही ते यावरून दिसतंच. मेलेला गर ती बाहेर काढत नाही. साचलेल्या पुवाच्या पिशवीत ती पुरेशी शिरत नाही आणि जी शिरते ती तिथल्या आम्लात आणि संथ झालेल्या जिवाणूंत निष्प्रभ होते. पुवाला वाट करून देणं, गर काढून मुळाच्या नळ्या साफ करणं किंवा दाढच काढणं, हाच उपचार आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशननं २०१९ च्या मार्गदर्शिकेत हेच सांगितलं: उपचार लगेच मिळणार असेल तर दाताच्या बहुतेक दुखण्यांना अँटिबायोटिक देऊ नये. ताप, पसरणारी सूज, अंगभर अशक्तपणा असेल तेव्हा ते लागतं आणि तेही उपचाराच्या जोडीला, थोड्या दिवसांसाठी. हृदयाची झडप बदललेल्यांना दाढ काढण्याआधी एक मात्रा देतात ती वेगळ्या कारणानं, तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस रक्तातून झडपेवर जाऊन बसू नयेत म्हणून.

कायदाही आहे. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. या रेघेची मोहीम केंद्र सरकारनं २०१६ साली चालवली. सेफिक्सिमसारखी अँटिबायोटिकं मार्च २०१४ पासून एच-१ यादीत आहेत, त्यांची विक्री वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची असते. दाढेसाठी सेफिक्सिम मागणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की ऑक्सिजन-विरोधी जिवाणूंवर ते फारसं चालत नाही.

एका बाबतीत मात्र उशीर चालत नाही. खालच्या मागच्या दाढांची मुळं जबड्याच्या आतल्या बाजूला जिभेखालच्या स्नायूच्या पातळीखाली जातात. तिथला पू तोंडात न येता गळ्याकडे उतरतो. श्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग यांनी १८३६ साली वर्णन केलेला हा प्रकार आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो. दोन्ही बाजूंची हनुवटीखालची जागा फळीसारखी टणक होते, जीभ वर उचलली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ शकते. मधुमेह असलेल्यांना धोका अधिक. हनुवटीखाली किंवा मानेवर सूज, तोंड न उघडणं, थुंकी गिळता न येणं, आवाज बदलणं, वरचा दात दुखल्यानंतर डोळा सुजणं, यांतलं काहीही दिसलं तर मेडिकलची पायरी चढू नका. रात्र असली तरी १०८ ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा.

एरवीच्या दाढेसाठी दोन गोष्टी करता येतील. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दंत विभाग आहे, तिथं दाढ दाखवा. आणि जून-जुलैच्या मासेमारी बंदीत, बोटी काठाला असताना, भोक पडलेली पण अजून न दुखणारी दाढ भरून घ्या.